पुण्यातील फुटबॉल क्लबांची मालकी आणि आर्थिक गैरव्यवहार

पुणे शहरात २००७ ते २०१९ या काळात देशपातळीवरील स्पर्धांत खेळणारे चार व्यावसायिक फुटबॉल क्लब होऊन गेले: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी. २०१९ च्या अखेरीस त्यांपैकी एकही अशा स्पर्धेत उरला नव्हता. यांतील डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी या दोन क्लबांच्या मालकांविरुद्ध पुढे ठेवीदारांच्या आणि बँकांच्या फसवणुकीचे मोठे गुन्हे नोंदवले गेले. उरलेल्या दोन क्लबांच्या बाबतीत असा कोणताही आरोप नव्हता. मालकांनी खर्च थांबवला आणि क्लब संपले. त्यामुळे हे प्रकरण केवळ गैरव्यवहारापुरते मर्यादित राहत नाही. स्वतःचे उत्पन्न, मैदान किंवा सभासद नसलेला क्लब एकाच मालकाच्या इतर उद्योगांवर किती अवलंबून असतो, याचे ते उदाहरण मानता येते.

या लेखात उल्लेखिलेले फौजदारी आरोप तपास यंत्रणांनी केलेले आहेत. आरोपपत्र दाखल होणे आणि गुन्हा सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पार्श्वभूमी

भारतातील जुने फुटबॉल क्लब प्रामुख्याने दोन प्रकारचे होते. कोलकात्यातील मोहन बागान (स्थापना १८८९) आणि ईस्ट बंगाल (स्थापना १९२०) हे सभासदांच्या वर्गणीवर आणि निवडून आलेल्या कार्यकारिणीवर चालणारे क्लब होते. दुसरा प्रकार कंपन्यांच्या संघांचा होता. मुंबईत १८९१ पासून खेळल्या जाणाऱ्या रोव्हर्स चषकामुळे फुटबॉलला प्रेक्षक लाभला होता आणि टाटा, मफतलाल, ओरके मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया अशा कंपन्यांनी आपापले संघ उभे केले होते.

कंपनीच्या संघातील खेळाडू बहुधा त्या कंपनीचा नोकर असे. संघ बंद झाला तरी त्याची नोकरी टिकत असे. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि हळूहळू खेळाडू ठरावीक मुदतीच्या करारावर खेळू लागले. त्यानंतर संघ बंद होणे म्हणजे खेळाडूचे उत्पन्नच बंद होणे, असा अर्थ झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्रा युनायटेडने २००९-१० च्या हंगामानंतर संघ विसर्जित केला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला फगवाड्याचा जेसीटी हा संघ २०११ मध्ये बंद झाला. या दोन्ही संघांमागे मोठे उद्योगसमूह होते, तरीही त्यांना पुढे चालवणारी दुसरी व्यवस्था नव्हती.

२००७ मध्ये राष्ट्रीय लीगची जागा आय-लीगने घेतली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली. आयएसएलमध्ये शहरनिहाय फ्रँचायझी विकल्या गेल्या, मालकांनी दर वर्षी कोट्यवधी रुपयांचे शुल्क भरायचे ठरले आणि सुरुवातीच्या काळात पदावनती ठेवण्यात आली नाही. या रचनेत संघ हा शहराचा म्हणून ओळखला जातो. मात्र त्याचा हक्क करारानुसार मालकाकडे असतो आणि तो दुसऱ्या शहरातही जाऊ शकतो.

पुण्यातील चार क्लब

पुणे एफसीची स्थापना २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने केली. दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून हा संघ २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात तिसऱ्या स्थानावर राहिला. २०१२-१३ मध्ये तो उपविजेता ठरला. युवा संघ आणि अकादमी यांसाठीही तो ओळखला जात असे. आयएसएल सुरू झाल्यानंतर आय-लीगचे भवितव्य अनिश्चित झाले आणि २०१५ मध्ये मालकांनी वरिष्ठ संघाचे काम थांबवले. २०१६ मध्ये त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली.

भारत एफसी हा कल्याणी समूहाचा संघ होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘थेट प्रवेश’ योजनेतून तो २०१४-१५ मध्ये आय-लीगमध्ये आला. या योजनेनुसार एखादी कंपनी शुल्क भरून थेट सर्वोच्च श्रेणीत संघ उतरवू शकत असे आणि नव्या संघाला सुरुवातीला पदावनतीपासून संरक्षण मिळत असे. भारत एफसी त्या हंगामात अखेरच्या स्थानावर राहिला, परंतु संरक्षणामुळे त्याच्याऐवजी त्याच्या वरच्या स्थानावरील, राष्ट्रीय पातळीवर पाच वेळा विजेता ठरलेल्या गोव्याच्या डेम्पो क्लबला खालच्या श्रेणीत जावे लागले. त्यानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट २०१५ मध्ये, भारत एफसी विसर्जित झाला.

डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी यांचा इतिहास पुढे स्वतंत्रपणे दिला आहे. या चारही क्लबांचे सामने अनेकदा बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होत. हे संकुल शासकीय मालकीचे आहे. त्यामुळे कोणत्याही क्लबाकडे स्वतःचे असे मैदान नव्हते.

डीएसके शिवाजीयन्स

शिवाजीयन्स हा पुण्यातील स्थानिक क्लब होता. बांधकाम व्यावसायिक दीपक सखाराम कुलकर्णी यांच्या डीएसके समूहाने त्याची मालकी घेतल्यानंतर तो ‘डीएसके शिवाजीयन्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ‘घराला घरपण देणारी माणसं’ या जाहिरातीमुळे हा समूह महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या परिचयाचा होता. समूहाने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाशी करार करून पुण्यात निवासी फुटबॉल अकादमी सुरू केली. देशाच्या विविध भागांतून, विशेषतः ईशान्य भारतातून, मुले तेथे प्रशिक्षणासाठी आली. पुढे भारताकडून खेळलेले लालियानझुआला छांगते आणि जेरी लालरिनझुआला हे मिझोरममधील खेळाडू या अकादमीत घडले.

२०१५ मध्ये थेट प्रवेशाच्या मार्गाने क्लबला आय-लीगमध्ये स्थान मिळाले. २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम तो खेळला. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये मात्र तो नव्हता. क्लबाबरोबर अकादमीचे कामही थांबले.

याच सुमारास समूहाची आर्थिक स्थिती उघडपणे ढासळली होती. डीएसके समूहाच्या विविध भागीदारी संस्थांनी मुदत ठेवी स्वीकारल्या होत्या. ठेवीदारांत निवृत्त नोकरदारांची संख्या मोठी होती. व्याज आणि मुद्दल परत मिळत नसल्याच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्यात महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ (एमपीआयडी कायदा) याची कलमेही लावण्यात आली. अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने कुलकर्णी यांना ५० कोटी रुपये जमा करण्यास सांगितले. ती रक्कम भरता न आल्याने संरक्षण काढून घेण्यात आले आणि १७ फेब्रुवारी २०१८ रोजी दीपक कुलकर्णी व त्यांच्या पत्नी हेमंती कुलकर्णी यांना दिल्लीत अटक झाली. मे २०१८ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रात सुमारे २,०४३ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा आरोप होता. काही वर्षांच्या कोठडीनंतर कुलकर्णी यांना जामीन मिळाला. समूहातील प्रमुख कंपनी डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्स लिमिटेड हिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही झाली आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या पुनर्रचनेची योजना मंजूर केली.

घटनांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. क्लबचा आय-लीगमधील शेवटचा हंगाम संपला तेव्हा पोलिसांत गुन्हा नोंदलेला नव्हता. फुटबॉल हा समूहाच्या दृष्टीने मुख्य व्यवसाय नव्हता आणि त्यातून उत्पन्नही येत नव्हते. अशा उपक्रमाचा खर्च टंचाईच्या काळात सर्वांत आधी थांबतो. क्लब बंद होणे हा त्यामुळे गैरव्यवहार उघड झाल्याचा परिणाम असण्यापेक्षा मालकाकडील रोख संपत आल्याची आधीची खूण ठरू शकते.

एफसी पुणे सिटी

२०१४ मध्ये आयएसएलच्या पुणे फ्रँचायझीसाठी कपिल वाधवान आणि धीरज वाधवान यांच्या समूहाची बोली यशस्वी ठरली. बोलीच्या वेळी अभिनेता सलमान खान यांचे नाव या गटाशी जोडलेले होते; नंतर अभिनेता हृतिक रोशन सहमालक झाले आणि २०१७ मध्ये अर्जुन कपूर यांचाही सहमालक म्हणून समावेश झाला. इटलीतील फिओरेन्तिना हा क्लब सुरुवातीला भागीदार होता. फ्रान्सचा विश्वविजेता खेळाडू दाव्हिद त्रेझेगे पहिल्या हंगामात पुण्याकडून खेळला. २०१७-१८ मध्ये रांको पोपोविच यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने प्रथमच उपांत्य फेरी गाठली आणि तेथे तो बंगळुरू एफसीकडून पराभूत झाला.

वाधवान कुटुंबाचा मुख्य व्यवसाय गृहकर्जाचा होता. दिवाण हाउसिंग फायनान्स कॉर्पोरेशन (डीएचएफएल) ही कंपनी राजेशकुमार वाधवान यांनी १९८४ मध्ये स्थापन केली होती. जानेवारी २०१९ मध्ये ‘कोब्रापोस्ट’ या वृत्तसंस्थेने कंपनीतील सुमारे ३१,००० कोटी रुपये बनावट कंपन्यांमार्फत वळवल्याचा आरोप केला. कंपनीने तो नाकारला. जून २०१९ मध्ये कंपनीने कर्जरोख्यांवरील देणी वेळेवर चुकवली नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि दिवाळखोरी संहितेखाली कार्यवाहीस पाठवली गेलेली डीएचएफएल ही देशातील पहिली वित्तीय कंपनी ठरली.

या घडामोडींच्या दरम्यान क्लबची आर्थिक अडचण वाढत गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये, नव्या हंगामाच्या तोंडावर, एफसी पुणे सिटीचे स्थान हैदराबाद एफसी या नव्या क्लबला देण्यात आले. प्रशिक्षक फिल ब्राउन आणि अनेक खेळाडू हैदराबादला गेले. पुण्यातील पाठीराख्यांसाठी मात्र संघाचे नाव, रंग आणि पाच हंगामांचा इतिहास तेथेच संपला.

कपिल वाधवान यांना जानेवारी २०२० मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने एका वेगळ्या प्रकरणात अटक केली. एप्रिल २०२० मध्ये येस बँक प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) दोन्ही वाधवान बंधूंना ताब्यात घेतले. डीएचएफएलने अस्तित्वातच नसलेल्या एका ‘बांद्रा शाखे’च्या नावाने सुमारे २ लाख ६० हजार बनावट गृहकर्ज खाती दाखवली आणि प्रधानमंत्री आवास योजनेतील व्याज अनुदानाचा दावा केला, असा आरोप सीबीआयने मार्च २०२१ मध्ये नोंदवलेल्या गुन्ह्यात केला. जून २०२२ मध्ये युनियन बँक ऑफ इंडियाच्या नेतृत्वाखालील १७ बँकांच्या गटाची ३४,६१५ कोटी रुपयांची फसवणूक केल्याचा गुन्हा नोंदवण्यात आला. तोपर्यंत सीबीआयने नोंदवलेल्या बँक फसवणुकीच्या प्रकरणांत हे सर्वांत मोठे होते. २०२१ मध्ये डीएचएफएल पिरामल कॅपिटल अँड हाउसिंग फायनान्सकडे गेली. मुदत ठेवीदारांपैकी अनेकांना पूर्ण रक्कम परत मिळाली नाही. ही कंपनी अजय पिरामल यांच्या समूहातील असून पुणे एफसीची स्थापना करणारा अशोक पिरामल समूह तिच्याहून वेगळा आहे.

पुण्याहून गेलेल्या स्थानाचा पुढील प्रवासही स्थिर राहिला नाही. हैदराबाद एफसीने २०२१-२२ मध्ये आयएसएलचे विजेतेपद मिळवले, परंतु २०२३ पासून खेळाडूंचे वेतन थकल्याने फिफाने त्याच्यावर खेळाडू नोंदणीची बंदी घातली. २०२४ मध्ये बी. सी. जिंदाल समूहाने तो क्लब घेतला आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवून ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ असे नाव देण्यात आले. म्हणजे सुमारे अकरा वर्षांत एकच स्थान तीन शहरांत फिरले.

गैरव्यवहार क्लबपर्यंत कसा पोहोचतो

पुण्यातील दोन्ही प्रकरणांचा गाभा फुटबॉलमध्ये नव्हता. एका प्रकरणात तो गृहबांधणी आणि ठेवींत होता, तर दुसऱ्यात गृहकर्जांत. तरी त्याचा आघात क्लबवर झाला. मालकाच्या अन्य व्यवसायातील दोष क्लबपर्यंत येण्याचे काही मार्ग सर्वसाधारणपणे आढळतात.

पहिला मार्ग तुटीचा आहे. भारतीय क्लबांचा सर्वांत मोठा खर्च खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या वेतनावर होतो. तिकिटे, प्रायोजक आणि प्रक्षेपण यांतून मिळणारे उत्पन्न त्याला पुरत नाही. उरलेली तूट मालक भांडवल किंवा कर्ज देऊन भरतो. क्लबच्या ताळेबंदात ही रक्कम मालकाचे देणे म्हणून दिसते, पण प्रत्यक्षात ती परत मिळण्याची शक्यता नसते. मालकाने पैसे पाठवणे थांबवले की पुढच्या महिन्याचे वेतन थकते.

दुसरा मार्ग प्रतिष्ठेचा आहे. संघाच्या सदऱ्यावरील नाव, परदेशी क्लबाशी करार आणि मैदानावरील चित्रपट कलावंत यांमुळे मालकाचे नाव घरोघरी पोहोचते. जनतेकडून ठेवी किंवा गुंतवणूक गोळा करणाऱ्या उद्योगासाठी अशी ओळख मोलाची असते. पश्चिम बंगालमधील शारदा समूह हे याचे ठळक उदाहरण आहे. चिट फंड म्हणून ओळखल्या गेलेल्या या समूहाने मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या क्लबांना प्रायोजकत्वाची रक्कम दिली होती. एप्रिल २०१३ मध्ये समूह कोसळल्यानंतर लाखो लहान ठेवीदार अडचणीत आले आणि सीबीआयचा तपास क्लबांच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला.

तिसरा मार्ग संबंधित व्यक्तींमधील व्यवहारांचा आहे. मालकाचीच दुसरी कंपनी क्लबची प्रायोजक होते आणि बाजारभावापेक्षा अधिक रक्कम देते. त्यामुळे मालकाने घातलेला पैसा क्लबचे उत्पन्न म्हणून दिसतो. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीवर युरोपीय महासंघाने (यूएफा) अशाच कारणावरून फेब्रुवारी २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी घातली होती. क्रीडा लवादाने जुलै २०२० मध्ये ती रद्द केली, मात्र तपासात सहकार्य न केल्याबद्दलचा दंड कमी करून १ कोटी युरो ठेवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने या क्लबवर शंभराहून अधिक नियमभंगांचे आरोप ठेवले. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता.

चौथा मार्ग काळा पैसा वैध करण्याचा आहे. फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये फुटबॉलविषयी स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. क्लबांची गुंतागुंतीची मालकी, खेळाडूंच्या हस्तांतरणातील लवचीक किमती आणि तुटीतील क्लबांना असलेली पैशाची तातडीची गरज यांमुळे या क्षेत्राचा गैरवापर होऊ शकतो, असे त्यात दाखवून देण्यात आले.

तुलनात्मक उदाहरणे

इटलीतील पार्मा हे पुण्याच्या प्रकरणांशी जवळचे उदाहरण आहे. दुग्धव्यवसायातील पार्मालात कंपनीच्या पैशावर हा क्लब १९९० च्या दशकात युरोपात यशस्वी झाला. डिसेंबर २००३ मध्ये कंपनीच्या हिशेबात दाखवलेली सुमारे ३.९५ अब्ज युरोंची बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. कंपनीबरोबर क्लबही दिवाळखोर प्रशासनाखाली गेला. मात्र त्याला पुनर्रचनेची संधी मिळाली आणि तो पार्मा शहरातच राहिला.

गोव्याच्या एफसी गोवा या क्लबचा अनुभव वेगळा आहे. २०१४ मध्ये मूळच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील व्हिडिओकॉन समूहाचे वेणुगोपाल धूत, दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास डेम्पो यांनी एकत्रितपणे ही फ्रँचायझी घेतली. व्हिडिओकॉन पुढे दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली आणि आयसीआयसीआय बँकेच्या कर्जप्रकरणी सीबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये धूत यांना अटक केली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला. तोपर्यंत क्लबमधील मोठा हिस्सा जयदेव मोदी यांच्याकडे आलेला होता आणि संघ आयएसएलमध्ये खेळत राहिला. एकापेक्षा अधिक भागीदार असणे आणि मालकी वेळेत हस्तांतरित होणे या दोन गोष्टींनी येथे फरक पडला.

पुण्याच्या उद्योगसमूहाकडे परदेशी क्लब असल्याचेही उदाहरण आहे. कुक्कुटपालन व्यवसायातील व्हीएच समूहाने (वेंकीज) नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचा १९९४-९५ चा विजेता ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून आणि २०१७ मध्ये त्याखालच्या श्रेणीतूनही घसरला. २०१८ मध्ये तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला. मालक दर वर्षी भारतातून पैसे पाठवून तूट भरत आले. अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे २०२३ पासून असा निधी पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि बँक हमीची अट घालण्यात आली. पुण्यातून येणारा पैसा लांबला की त्याचा परिणाम लँकेशायरमधील क्लबच्या अंदाजपत्रकावर होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लबने आपल्या अकादमीत घडलेला ॲडम व्हार्टन हा तरुण खेळाडू क्रिस्टल पॅलेसला विकला.

नियमन

भारतातील क्लबांना आशियाई फुटबॉल महासंघाच्या धर्तीवरील परवाना पद्धत लागू आहे. तिच्यात क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, प्रशासकीय, कायदेशीर आणि आर्थिक असे पाच प्रकारचे निकष असतात. आर्थिक निकषांत लेखापरीक्षित हिशेब सादर करणे आणि खेळाडू, कर्मचारी, अन्य क्लब व कर विभाग यांची देणी थकीत नसणे यांचा समावेश होतो. २०१४ मध्ये या निकषांची पूर्तता न केल्यामुळे २०१२-१३ चा आय-लीग विजेता चर्चिल ब्रदर्स याच्यासह काही क्लबांना लीगबाहेर राहावे लागले.

फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचे वेतन थकल्यास खेळाडू लेखी सूचना देऊन आणि १५ दिवसांची मुदत देऊन करार रद्द करू शकतो. थकबाकीदार क्लबवर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी येऊ शकते. क्लब चालू असेपर्यंत ही तरतूद प्रभावी ठरते. क्लबच विसर्जित झाल्यास नोंदणीबंदीचा धाक उरत नाही.

परवाना पद्धतीचा भर क्लबच्या हिशेबावर असतो. मालकाने या वर्षीची देणी भागवली तर क्लब सुस्थितीत दिसतो. मालकाकडील पैसा कोठून येतो आणि पुढच्या वर्षी येईल का, हे त्यातून पूर्णपणे कळत नाही. इंग्लंडमध्ये २००४ पासून मालक आणि संचालक यांच्या पात्रतेची चाचणी घेतली जाते. तरीही १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक कारणांमुळे लीगमधून काढला गेला. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा केला. जर्मनीत १९९८ पासून लागू असलेल्या ‘५०+१’ नियमानुसार, काही अपवाद वगळता, मतदानाचा बहुमताचा हक्क क्लबच्या सभासदांकडेच राहतो.

परिणाम

पुण्यातील क्लब बंद पडल्याचा परिणाम खेळाडू, प्रशिक्षणार्थी आणि प्रेक्षक अशा तीन गटांवर झाला. नामवंत खेळाडूंना दुसरे संघ मिळाले. राखीव संघातील आणि अकादमीतील मुलांना मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच नवी जागा शोधावी लागली. शहरातील मुलाला घराजवळ राहून व्यावसायिक संघापर्यंत जाण्याचा जो मार्ग पुणे एफसीच्या काळात तयार झाला होता, तो खंडित झाला. चार क्लबांच्या पाठीराख्यांकडे सभासदत्व, समभाग किंवा संचालक मंडळात प्रतिनिधित्व नव्हते. त्यामुळे इंग्लंडमधील पोर्टस्मथ क्लब २०१३ मध्ये जसा पाठीराख्यांच्या न्यासाने विकत घेऊन वाचवला, तसा प्रयत्न करण्याचे साधन त्यांना उपलब्ध नव्हते.

कर्जबुडव्या कंपनीची जमीन, इमारती किंवा कर्जखाती विकून काही रक्कम वसूल होते आणि नवा मालकही मिळू शकतो. डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्स आणि डीएचएफएल या दोन्ही कंपन्यांसाठी अशा पुनर्रचनेच्या योजना मंजूर झाल्या. त्यांच्या मालकांच्या क्लबांकडे मात्र विकण्यासारखे फारसे काही नव्हते. मैदान शासनाचे होते, खेळाडूंचे करार मुदतीचे होते आणि लीगमधील स्थान संयोजकांच्या हाती होते. परिणामी कंपन्यांची पुनर्रचना झाली, पण दोन्हींपैकी एकाही क्लबची झाली नाही.